आपला गट कोणत्या झोनमध्ये आहे?



झोन हा शब्द आपल्याला नवा नाही. १९८४ च्या आदेशाने प्रत्येक साखर कारखान्याचे क्षेत्र राखून दिलेले होते आणि आपल्या क्षेत्रातला ऊस शेजारच्या कारखान्याला घालायची सोय नव्हती. ती झोनबंदी १९९७ साली उठली. मी तेव्हा शाळेत होतो, पण बैलगाड्या अडवल्याच्या गोष्टी घरी ऐकल्या आहेत. आज मात्र लिहायचे आहे ते उसाच्या झोनबद्दल नाही, जमिनीच्या झोनबद्दल. उसाचा झोन उठला, जमिनीचा उठलेला नाही. आणि तोही उठला अशी समजूत आपल्या कार्यक्षेत्रात, विशेषतः रस्त्याकडेच्या गावांत, झपाट्याने पसरते आहे.

चार वर्षांपूर्वी आडसाली लागणीच्या नोंदी घेत आमचे शेतकी मदतनीस आणि मी एका गावी गेलो होतो. रस्त्याला लागून सव्वादोन एकरांचा एक गट आहे. जमीन काळी, विहिरीचे पाणी, वर पाइपलाइन. सलग पंधरा वर्षे आमच्या रजिस्टरला त्या गटाची नोंद आहे. पाहतो तर खोडवा मोडलेला, चुन्याची फक्की मारून गुंठ्या-गुंठ्याचे चौकोन पाडलेले, कोपऱ्याकोपऱ्यावर दगड रोवलेले, आणि मधून मुरूम टाकून वीस फुटांचा रस्ता केलेला. मालक वडीलधारे सभासद, सगळा गाव त्यांना तात्या म्हणतो. तात्या बांधावरच भेटले.

"साहेब, आता नोंद कशाची घेताय? एका गुंठ्यात जे येतंय ते उसात पाच वर्षांत येत नाही."

"तात्या, परवानगी वगैरे घेतली का?"

"आता एनेची भानगडच राहिली नाही म्हणतात. घेणारे आपणहून येतात, नोटरी करून देतो."

मी चहा घेतला आणि निघालो. खरे सांगायचे तर त्या वेळी मला त्यापलीकडे विचारायचे सुचले नाही. कृषी पदविकेला आम्हाला माती, पाणी, बेणे, खते शिकवली. जमिनीच्या नकाशाला रंग असतो हे कोणी शिकवले नव्हते. तात्यांच्या घरी नोटीस आली तेव्हा ते ती घेऊन माझ्याकडे आले, आणि तिथून माझा या विषयाचा अभ्यास सुरू झाला. तो जसा मला समजला तसा इथे मांडतो.

एन. ए. वेगळे, झोन वेगळा

सगळा घोटाळा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शेतजमिनीला दोन कायदे लागतात आणि दोन्ही १९६६ सालचे आहेत. पहिला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता. शेतजमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायची तर अकृषिक परवानगी, म्हणजे आपण म्हणतो ती एन. ए., याच कायद्यातली. ही बाजू सरकारने २०१४ पासून टप्प्याटप्प्याने सोपी करीत आणली आहे. २०१७ साली गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला राहण्याच्या वापरासाठी सवलत आली. त्यानंतरही बदल होत गेले. "एने उठला" ही बातमी गावोगाव पोचली ती या बदलांमुळे, आणि तिच्यात थोडे तथ्य आहे.

दुसरा कायदा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम. याचे नाव गावात कोणी घेत नाही, पण झोन ठरतो तो याच्यातून. या कायद्याखाली ग्रामीण भागासाठी प्रादेशिक योजना आणि शहरासाठी विकास योजना तयार होते. योजना म्हणजे मुख्यतः एक नकाशा. त्यात प्रत्येक गटावर कोणता तरी रंग असतो. पिवळा म्हणजे राहण्याचा विभाग, जांभळा उद्योगाचा, हिरवा शेतीचा. पुणे प्रदेशाची अशी योजना २५ नोव्हेंबर १९९७ ला मंजूर झाली. ज्या जमिनींवर त्यात हिरवा रंग होता, त्यांच्या मालकांपैकी कितीजणांनी तो नकाशा उघडून पाहिला असेल, हा प्रश्नच आहे.

आता मुख्य मुद्दा. महसूल संहितेतली सवलत मिळते ती झोनला धरून मिळते. ज्या जागेवर योजनेने राहण्याचा वापर मान्य केला आहे, तिथे महसुली कागदाची धावपळ कमी झाली, एवढाच तिचा अर्थ. हिरव्या पट्ट्यातल्या जमिनीला ती पिवळी करीत नाही. तात्यांचा गट गावठाणापासून दूर, हिरव्या रंगात. त्यांना एन. ए.ची भानगड राहिली नव्हती हे एका अर्थी खरेच होते, कारण तिथे प्लॉट पाडायला एन. ए. मिळणारच नव्हती.

हिरव्यात काहीच करता येत नाही असेही नाही. गोठा, कुक्कुटपालन, रोपवाटिका, गुऱ्हाळ, तसेच नियमात बसणारे गोदाम किंवा शीतगृह परवानगी घेऊन करता येते. शेतघर बांधता येते, पण त्याला निदान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते. एका गुंठ्यावर बांधलेल्या दोन खोल्यांना शेतघर म्हणून चालत नाही, दारात शेवग्याचे झाड लावले तरी. कोणत्या झोनमध्ये काय चालते याची यादी २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहे. बृहन्मुंबई आणि काही खास क्षेत्रे सोडून ती राज्यभर लागू आहे.

गावठाणाला लागून मात्र थोडी मोकळीक आहे. गावच्या लोकसंख्येप्रमाणे ठराविक अंतरापर्यंत, अधिमूल्य भरून, शेती विभागातही राहण्याच्या वापराला परवानगी मिळू शकते. इथे दोन चुका नेहमी होतात. एक तर अंतर मोजायचे ते नकाशावरच्या गावठाणाच्या हद्दीपासून. आपली वाडी, वस्ती किंवा मळ्यातले घर म्हणजे गावठाण नव्हे. दुसरी चूक, अंतरात बसले की परवानगी आपोआप मिळाली असे समजायची. परवानगी घ्यावीच लागते.

रंगाखेरीज ज्या रेषा असतात

नदीकाठच्या सभासदांनी हा भाग दोनदा वाचावा. पाटबंधारे खात्याने नदीच्या दोन्ही काठांनी दोन पूररेषा आखलेल्या असतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी ते निळी रेषा या पट्ट्यात बांधकामाला मनाई, निळी ते लाल यात नियंत्रण. झोन कोणताही असला तरी ही रेषा त्याच्या वर बसते.

२००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा आणि पंचगंगेच्या काठी काय झाले ते वेगळे सांगायला नको. उसात पाणी शिरले तर नुकसान होते हे आपल्याइतके कोणाला माहीत आहे! शेंडा पाण्याखाली गेला तर ऊस कुजतो. पण शेंडा वर राहिला आणि पाणी लवकर ओसरले तर पीक बरेचसे हाती लागते. घराचे तसे नाही. पूरपट्ट्यात ऊस उभा असला तर पाणी पसरायला जागा मिळते. तिथे भराव टाकून घरे केली की तेच पाणी शेजारच्याच्या शेतात आणि पलीकडच्या गावात चढते. झोनचा नियम कोणा साहेबाच्या डोक्यातून निघालेला नसतो, त्याच्यामागे असला हिशेब असतो. कधी तो हिशेब चुकतोही, ते पुढे सांगतो.

रस्त्याचेही तसेच. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग अशा दर्जाप्रमाणे रस्त्याच्या मध्यापासून इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा ठरलेल्या असतात. आपल्याकडे हॉटेल, गाळे, टायरचे दुकान हे सगळे नेमके या पट्ट्यात उभे राहते. रस्ता रुंद करायची वेळ येते तेव्हा पहिला घाव त्यावरच पडतो.

आणि आमच्या खात्याच्या दृष्टीने एक. उसाच्या पट्ट्यात मध्येच आठ-दहा घरे झाली की आजूबाजूच्यांना फवारणीची, पाचटाची, रात्रीच्या तोडीची अडचण सुरू होते. पाणंदीतून ट्रॉली जाऊ देत नाहीत. मागच्या हंगामात एका फडातला ऊस चार दिवस याच कारणाने अडकून वाळला. ट्रॉली अडवणारी माणसे वाईट नव्हती. त्यांच्या अंगणातून उसाची वाहतूक जाते, हे त्यांना प्लॉट घेताना कोणी सांगितले नव्हते.

कारवाई कशी होते

नियम मोडला की दुसऱ्या दिवशी कोणी येत नाही. लोक फसतात ते इथेच. घर उभे राहते, ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नोंद होते, घरपट्टीची पावती मिळते, विजेचे मीटर बसते. माणूस म्हणतो, बेकायदा असते तर सरकारने पट्टी घेतली असती का? तर हो, घेतली असती. घरपट्टी म्हणजे कर, बांधकामाची परवानगी नव्हे. मीटर म्हणजे विजेचे गिऱ्हाईक झाल्याची खूण. या दोन्ही कागदांनी बांधकाम कायदेशीर होत नाही.

हालचाल सुरू होते ती बहुधा तक्रारीने. भावकीतला वाद असतो, पाणी तुंबलेले असते, निवडणूक झालेली असते. नियम सगळ्यांना सारखा असला तरी तक्रार सगळ्यांवर सारखी होत नाही, हे मला इतक्या वर्षांत दिसले आहे. रस्त्याकडेचे मोठे कार्यालय वर्षानुवर्षे उभे राहते आणि दोन खोल्यांवर पंचनामा होतो. हे बरोबर नाही. पण नोटीस आल्यावर "त्याच्यावर का नाही?" हे उत्तर चालत नाही, कारण एकाची चूक ही दुसऱ्याला परवानगी होत नाही.

तक्रार झाली की तलाठी (२०२४ पासून त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) जागेवर येऊन पंचनामा करतात. अहवाल मंडळ अधिकाऱ्यांमार्फत तहसीलदारांकडे जातो. ग्रामीण भागात प्रादेशिक योजनेखालचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा आणि त्यांनी ज्यांना दिला त्यांचा. नगरपालिका किंवा प्रदेश विकास प्राधिकरण असेल तिथे त्यांचा. पुढे दोन वाटांनी कारवाई होते. महसूल संहितेच्या कलम ४५ खाली विनापरवाना वापराबद्दल अकृषिक आकारणी आणि तिच्यावर दंड. हा दंड आकारणीच्या चाळीस पटीपर्यंत जातो. नगर रचना अधिनियमाची वाट जास्त कडक आहे. कलम ५४ खाली चालू काम थांबवता येते. कलम ५३ खाली झालेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करायची नोटीस येते आणि तिच्यात मुदत दिलेली असते. कलम ५२ खाली खटला होऊ शकतो. त्यात एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड आहे.

नोटीस हातात पडल्यावर आपला सभासद काय करतो? पहिले म्हणजे ती घेत नाही. दारावर चिकटवून जातात तरी तो म्हणतो, मला मिळालीच नाही. दुसरे म्हणजे एखाद्या पुढाऱ्याकडे जातो. मुदत जाते ती यातच, आणि त्या मुदतीतच त्याचा खरा हक्क असतो. कलम ५३ मध्येच तरतूद आहे की नोटिशीच्या मुदतीत बांधकाम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत पाडण्याची नोटीस थांबते. झोनमध्ये बसणारे बांधकाम असेल, नुसती परवानगी घ्यायची राहिली असेल, तर ते नियमित होऊ शकते. झोनच विरुद्ध असेल तर अर्ज नामंजूर होतो. मग अपील आहे. तेही गेले आणि बांधकाम आपण काढले नाही, तर सरकार काढते आणि खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करते. थकबाकीचा बोजा सातबाऱ्यावर चढला की सोसायटीचे पीककर्ज अडते, हे वेगळे सांगायला नको.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल इथे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने ठरवून दिले की आधी नोटीस देऊन किमान पंधरा दिवस गेल्याशिवाय बांधकाम पाडायचे नाही आणि माणसाचे म्हणणे ऐकून घ्यायचे. रस्ता, नदी यांसारख्या सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही. म्हणजे रात्रीत यंत्र आणून घर पाडले असे होता कामा नये. पण लगेच पुढच्या महिन्यात, १७ डिसेंबर २०२४ ला, त्याच न्यायालयाने हेही सांगितले की बेकायदा बांधकाम कितीही जुने झाले, त्यावर कितीही पैसा घातला, अधिकाऱ्यांनी कितीही वर्षे डोळेझाक केली, तरी त्यामुळे ते कायदेशीर होत नाही.

"पुढे गुंठेवारीत नियमित होईल" असे सांगणारे भेटतील. गुंठेवारीचा कायदा २००१ सालचा. २०२१ मध्ये त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला वाढवून दिली. अशी सवलत मागे होऊन गेलेल्यासाठी असते. उद्या पाडायच्या प्लॉटसाठी आज तिच्यावर विसंबणे म्हणजे पुढच्या सालच्या पावसावर यंदाची लागण करण्यासारखे आहे.

तात्यांच्या बाबतीत नोटीस तात्यांच्या नावे निघाली. घेणाऱ्यांशी नोटरी होती, खरेदीखत नव्हते, सातबारा तात्यांचाच. कलम ५३ ची नोटीस मालकाला लागते आणि भोगवटा करणाऱ्यालाही. अकरा गुंठे विकलेले, तिघांनी घरे बांधलेली, त्यातला एक कारखान्यातलाच हंगामी कामगार. त्याने बायकोचे दागिने मोडून प्लॉट घेतला होता. अर्ज केला, झोनच्या कारणाने नामंजूर झाला. अपील चालू आहे. ज्यांनी बांधले नव्हते त्यांनी पैसे परत मागितले आणि तात्यांनी मुलीच्या लग्नात खर्चलेले पैसे पाच एकरांतला एक तुकडा गहाण टाकून परत केले. "साहेब, त्या दिवशी तुम्ही मला अडवायला पाहिजे होतं," असे ते मला म्हणाले. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आधी काय पाहावे

गट विकायचा, विकत घ्यायचा किंवा त्यावर शेडसुद्धा बांधायची झाली तर आधी जिल्ह्याच्या नगर रचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा. सातबारा आणि गटाचा मोजणी नकाशा जोडून अर्ज करायचा, फी फारशी नाही. एकच गट दोन झोनमध्ये असू शकतो, म्हणून नुसता दाखला घेऊन थांबू नये, नकाशावर रेषा कुठून जाते तेही पाहावे. शंका असेल तर भूमी अभिलेखाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी. नदीकाठ असेल तर पूररेषेचा वेगळा दाखला मागावा. एजंटाने मोबाइलवर दाखवलेला रंगीत नकाशा हा पुरावा नव्हे.

झोन बदलत नाही असे नाही. पण तो बदलतो शासनाच्या पातळीवर, जाहीर सूचना देऊन, हरकती ऐकून. "मी दोन महिन्यांत पिवळा करून देतो" म्हणणाऱ्याला हजार रुपयेसुद्धा देऊ नयेत.

आणि नकाशा चुकीचा असेल तर? होतो चुकीचा. विहीर बागायत जमिनीवर रस्त्याची आखणी, ओढा नसलेल्या जागी ओढा, असे प्रकार होतात. त्यासाठी कायद्याने एक दार ठेवले आहे. नवी योजना आधी प्रारूप म्हणून प्रसिद्ध करावी लागते आणि जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीत कोणालाही लेखी हरकत घेता येते. पुणे महानगर प्रदेशाची प्रारूप विकास योजना २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावर हजारो हरकती आल्या, शेतकऱ्यांच्याही, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर २०२५ मध्ये शासनाने ती योजना रद्द केली. हरकत नेहमी इतकी फळते असे नाही. पण मुदत संपल्यावर घेतलेली हरकत कोणी वाचत नाही. ती गट नंबर घालून, सातबारा जोडून, दोन प्रतींत द्यावी आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. आपल्या गटावर शाळा, बाजार, मैदान असे आरक्षण पडले आणि दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर कलम १२७ खाली खरेदीची सूचना देता येते. तिच्यावर चोवीस महिन्यांत पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण सुटते. यासाठी मात्र वकिलाचा सल्ला घ्यावा.

तात्यांच्या गटातल्या उरलेल्या सव्वा एकरात या वर्षी पुन्हा आडसाली आहे. मुरूम टाकलेल्या वीस फुटांच्या पट्ट्यात उगवण धड नाही. मुरूम काढून तिथे ताग घ्यायला सांगितले आहे, दोन साले तरी जातील.

शेतकी खात्यात दर सोमवारी सकाळी दहा ते एक मी बसतो. सातबारा आणि गटाचा नकाशा घेऊन या, झोन दाखल्याचा अर्ज भरून देऊ. तुकडेबंदीच्या कायद्यात अलीकडे झालेल्या बदलांबद्दल बऱ्याच सभासदांनी विचारले आहे. तो विषय यात घुसडला तर दोन्हींचा गोंधळ होईल, म्हणून पुढील अंकात.

आपला,
ऊस विकास अधिकारी